फॅनुकच्या २५ पिनला यूएसबी कन्व्हर्टरची ९ पिन जोडायचीय, केबलचं पिनआऊट (कुठली पिन कुठे जोडायची ते) हवंय

लेथवाला_भोसरी
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, वडील आणि मी दोघं बघतो. मध्यंतरी एक जुनं सीएनसी टर्निंग सेंटर घेतलं, कंट्रोलर फॅनुक झिरो-आय. सध्या प्रोग्राम पॅनेलवर बटणं दाबून टाइप करावा लागतो, प्रोग्राम मोठा असला की त्यातच वेळ जातो आणि एखादा डेसिमल पॉइंट राहिला तर टूल गेलंच समजा. म्हणून लॅपटॉपवरून टाकायचं ठरवलं. मशीनवर २५ पिनचं फिमेल सॉकेट आहे, लॅपटॉपला सिरियल पोर्ट नाही म्हणून यूएसबीचा कन्व्हर्टर घेतला, त्याला ९ पिनचं मेल आहे. मधली केबल तापकीर गल्लीतून तयारच आणली, एका टोकाला ९ फिमेल दुसऱ्याला २५ मेल, दोन्हीकडे मस्त बसते. पण प्रोग्राम जातच नाही. मशीनवर रीड लावलं की स्क्रीनवर एलएसके ब्लिंक होतं, म्हणजे मशीन डेटाची वाट बघतं, आणि लॅपटॉपवरून पाठवायला घेतलं की अलार्म येतो ८६, डीआर सिग्नल ऑफ. कन्व्हर्टर खराब का केबल खराब का मशीनचं पोर्टच उडालंय? कुणाकडे खात्रीचं पिनआऊट असेल तर प्लीज टाका.

डिप्लोमा_थर्ड_इयर
दादा, २ आणि ३ उलटे करून बघा. आमच्या लॅबमध्ये सर हेच सांगतात, सिरियल चाललं नाही की २-३ स्वॅप.

चाकण_ऑटोमेशन
आधी कन्व्हर्टर तपासून घ्या, एका मिनिटाचं काम आहे. मशीनपासून सोडवा, त्याच्या ९ पिनच्या २ आणि ३ नंबर पिन वायरच्या तुकड्याने एकत्र करा, पुटी किंवा टेराटर्म हा टर्मिनल प्रोग्राम उघडा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जो कॉम नंबर दिसतो तो टाका, फ्लो कंट्रोल नन, आणि काहीतरी टाइप करा. टाइप केलेलं स्क्रीनवर परत दिसलं तर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक. वायर काढल्यावर दिसायचं बंद झालं पाहिजे, नाहीतर लोकल एको चालू असतो, म्हणजे टाइप केलेलं प्रोग्राम स्वतःच दाखवतो, आणि उगाच पास झाल्यासारखं वाटतं.

लेथवाला_भोसरी
केलं. दिसतंय, वायर काढली की बंद होतंय. म्हणजे कन्व्हर्टर ओके. मग २-३ स्वॅप करू का?

पॅनेलकाका
थांबा, लगेच काही कापू नका. मी चिंचवडच्या कंपनीत मेंटेनन्सला होतो, आता रिटायर आहे, पण ही केबल मी खूप बनवलीय म्हणून सविस्तर लिहितो.

कनेक्टरचा आकार आणि पिनचा नंबर यावरून त्या पिनवर काय आहे ते कळत नाही. ते ठरतं समोरचं डिव्हाइस स्वतःला कोण समजतं यावर. आरएस-२३२ हे सिरियल पोर्टचं स्टँडर्ड १९६० सालचं, तेव्हा एका बाजूला टर्मिनल आणि दुसऱ्या बाजूला मॉडेम एवढंच डोळ्यासमोर होतं. टर्मिनल म्हणजे डीटीई, मॉडेम म्हणजे डीसीई. सगळ्या सिग्नलची नावं टर्मिनलच्या बाजूने दिलेली आहेत. म्हणजे डीटीईवर टीएक्स ही पिन खरंच बाहेर पाठवते, पण डीसीईवर त्याच नंबरला टीएक्स लिहिलेलं असलं तरी ती पिन ऐकते. डीटीई आणि डीसीई जोडायचे असतील तर नावाला नाव सरळ जोडायचं. पण तुमचा लॅपटॉप डीटीई आहे आणि फॅनुकही डीटीईच आहे, तिथे सरळ केबल लावली की दोघांची तोंडं एकमेकांसमोर येतात आणि कान एकमेकांसमोर.

आता नंबर. ९ पिनवर, पीसीच्या बाजूने: १ डीसीडी, २ आरएक्स (ऐकणारी), ३ टीएक्स (बोलणारी), ४ डीटीआर (मी रेडी), ५ ग्राउंड, ६ डीएसआर (समोरचा रेडी), ७ आरटीएस (पाठवू का), ८ सीटीएस (पाठव), ९ रिंग. २५ पिनवर: १ शिल्ड किंवा फ्रेम ग्राउंड, २ टीएक्स, ३ आरएक्स, ४ आरटीएस, ५ सीटीएस, ६ डीएसआर, ७ सिग्नल ग्राउंड, ८ डीसीडी, २० डीटीआर, २२ रिंग. दोन्हीतला २ आणि ३ बघा. ९ वर २ म्हणजे आरएक्स, २५ वर २ म्हणजे टीएक्स. आयबीएमने १९८४ ला एटी पीसीवर ९ पिन आणली तेव्हापासून हे असंच आहे आणि निम्मा गोंधळ इथूनच होतो. कारण ९ ते २५ अशी सरळ मॉडेमची केबल असली तर तिच्यात २ जातो ३ ला आणि ३ जातो २ ला, मीटर लावल्यावर क्रॉस वाटते पण ती सरळच असते. आणि ९ ते २५ क्रॉस केबल हवी असेल तर तिच्यात २ ला २ आणि ३ ला ३, ती दिसते सरळ पण असते क्रॉस. म्हणून "२-३ स्वॅप करा" या सल्ल्याला अर्थ नाही, कुठून स्वॅप ते माहीत पाहिजे.

तुमची तयार केबल मीटरच्या बीपवर (कंटिन्युइटी) लावा आणि ९ चा ३ नंबर पलीकडे कुठे निघतो ते सांगा.

लेथवाला_भोसरी
काका खूप धन्यवाद, हे असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. बीप केलं. ९ चा ३ जातो २५ च्या २ ला. ९ चा २ जातो ३ ला. ५ जातो ७ ला. ६ ला ६. ७ जातो ४ ला, ८ जातो ५ ला, ४ जातो २० ला, १ जातो ८ ला, ९ जातो २२ ला.

पॅनेलकाका
ही मॉडेमची केबल, चांगली बनवलीय, फक्त तुमच्या कामाची नाही. आणि अलार्म ८६ चं उत्तरही यातच आहे. फॅनुक स्वतःच्या ६ नंबरवर बघत असतो की पलीकडचं उपकरण रेडी आहे का, त्या सिग्नलला ते डीआर म्हणतात. तुमच्या केबलमध्ये त्याचा ६ गेलाय कन्व्हर्टरच्या ६ ला, तो पण ऐकणाराच. दोघंही वाट बघतायत, व्होल्टेज कुणीच देत नाही, म्हणून डीआर ऑफ. पोर्ट उडालंय असं यावरून म्हणता येत नाही.

तरी सोल्डरिंगला बसण्याआधी मीटरने खात्री करा. मशीन चालू ठेवा, केबल लावू नका. मीटर डीसी व्होल्टला, काळी प्रोब सॉकेटच्या ७ ला, लाल आधी २ ला मग ३ ला. आरएस-२३२ मध्ये काही पाठवत नसताना टीएक्स लाइन मायनसमध्ये बसलेली असते, मायनस ५ ते मायनस १२ च्या आसपास. जिथे ठणठणीत मायनस दिसेल ती त्या डिव्हाइसची बोलणारी पिन. जिथे शून्याच्या जवळ काहीतरी तरंगतंय ती ऐकणारी. मग हेच कन्व्हर्टरवर करा, यूएसबी लॅपटॉपला लावून, काळी ५ ला. कागद बाजूला ठेवा, मीटर काय म्हणतोय ते खरं. पिन नंबर प्लॅस्टिकवर बारीक कोरलेले असतात ते टॉर्च मारून वाचा, अंदाजाने मोजू नका, कारण फिमेल समोरून बघितलं तर १ नंबर उजवीकडे येतो आणि मेल समोरून बघितलं तर डावीकडे.

आणि एक. २५ नंबरच्या पिनला प्रोब घसरू देऊ नका, फॅनुकच्या या सॉकेटवर २५ ला प्लस २४ व्होल्ट असतात.

डिप्लोमा_थर्ड_इयर
२४ व्होल्ट? सिरियल पोर्टवर? ते कशाला? आमच्या लॅबमधल्या जुन्या पीसीला मागे २५ पिनचं पोर्ट आहे, मी दादांना तेच सुचवणार होतो की २५ ला २५ केबल लावा म्हणजे हा ९ चा प्रश्नच येणार नाही.

पॅनेलकाका
बाळा, बरं झालं विचारलंस. त्या २४ व्होल्टवर फॅनुकचं स्वतःचं उपकरण चालायचं, पूर्वी प्रोग्राम ठेवायला बाहेरून जोडायचे ते. आता तुझ्या पीसीचं २५ पिनचं पोर्ट फिमेल असेल, बघ. ते सिरियल नाहीच, ते प्रिंटरचं पॅरलल पोर्ट. जुन्या पीसीवर सिरियलचं २५ पिन असलं तर ते मेल असायचं. पॅरलल पोर्टवर १८ पासून २५ पर्यंत सगळे ग्राउंड असतात. सगळ्या पिन जोडलेली २५ ते २५ केबल लावली असती तर मशीनचे २४ व्होल्ट थेट ग्राउंडला शॉर्ट. मशीनच्या आतला फ्यूज गेला तर नशीब चांगलं. म्हणून मी नेहमी सांगतो, मशीनच्या पोर्टला सगळ्या पिन भरलेली केबल कधी लावायची नाही, जेवढ्या लागतात तेवढ्याच तारा.

चाकण_ऑटोमेशन
काकांचं बरोबर आहे पण एक गोष्ट नोंदवतो, आरएस-२३२ मध्ये टीएक्सला टीएक्स लागलं म्हणून लगेच काही जळत नाही, ड्रायव्हरने शॉर्ट सहन केला पाहिजे असं स्टँडर्डमध्येच आहे. त्यामुळे २-३ बदलून बघण्यात एवढी भीती नाही.

पॅनेलकाका
स्टँडर्डमधल्या पिनांपुरतं मान्य. पण उद्या आपल्यासमोर जे ९ पिनचं सॉकेट येईल ते आरएस-२३२ असेलच हे कशावरून? तुम्ही ऑटोमेशनवाले आहात, सीमेन्सचा एस-७-२०० पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कंट्रोलर) बघितलाच असेल. ९ पिन फिमेल, दिसायला सिरियल. आत आरएस-४८५ हे वेगळंच स्टँडर्ड, ३ ला बी, ८ ला ए, आणि ७ ला २४ व्होल्ट. तिथे साधी ९ ते ९ केबल लावून कुणी पीसी जोडला तर २४ व्होल्ट जाऊन बसतात आरटीएसवर. बदलून बघू हा स्वभाव एकदा लागला की माणूस तिथेही तेच करतो. मीटर लावायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात स्वॅपही होत नाही.

चाकण_ऑटोमेशन
हे मान्य. उलट मीच भर घालतो. डेल्टाच्या डीव्हीपी पीएलसीला गोल ८ पिन मिनी-डिन असतो, त्यात ४ आरएक्स, ५ टीएक्स, ८ ग्राउंड, आणि १ व २ ला ५ व्होल्ट. पीसीच्या ९ पिनचा २ जातो ५ ला, ३ जातो ४ ला, ५ जातो ८ ला, बास तीन तारा. सेटिंग कंपनीकडून ९६००, ७, इव्हन, १ (बॉडरेट म्हणजे वेग, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट) येतं आणि लोक ८-नन-१ ठेवून केबलला शिव्या देत बसतात. गोल कनेक्टर सोल्डर करणं मात्र डोळ्यांचं काम आहे, तो तयारच घ्या.

कन्सोलवाली
हिंजवडीत नेटवर्किंगमध्ये आहे. आमच्याकडे तर आरजे-४५ मध्येच कन्सोल (स्विच-राउटरचं सेटिंग करायचं पोर्ट) असतो, दिसायला लॅनचं पोर्ट आणि आत सिरियल. सिस्कोचं असं आहे, १ आरटीएस, २ डीटीआर, ३ टीएक्स, ४ आणि ५ ग्राउंड, ६ आरएक्स, ७ डीएसआर, ८ सीटीएस. ती फिकट निळी चपटी केबल रोलओव्हर असते, १ ला ८, २ ला ७ अशी पूर्ण उलटी. ती लॅनला लावून लिंक येत नाही म्हणणारे आणि लॅनची केबल कन्सोलला लावून स्क्रीन काळी म्हणणारे, दोन्ही मला नेहमी भेटतात. दुसऱ्या कंपनीच्या स्विचला तेच पोर्ट पण वेगळे नंबर असू शकतात, त्यामुळे केबलवर लेबल लावणं आमच्या टीममध्ये सक्तीचं केलंय.

आणि यूपीएसवाल्यांनी एक लक्षात ठेवा. एपीसीच्या जुन्या स्मार्ट-यूपीएसला ९ पिन आहे पण त्यात १ ला आरएक्स, २ ला टीएक्स आणि ग्राउंड ९ ला. साधी सिरियल केबल लावली तर यूपीएस बंद पडू शकतो, अख्खी रॅक जाते. त्यांचीच केबल लागते.

काटेवाला_मार्केटयार्ड
माझा थोडा वेगळा प्रश्न आहे पण इथेच विचारतो. गुलटेकडीला आमचा गाळा आहे. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याच्या इंडिकेटरला मागे ९ पिन फिमेल आहे, तिथून वजन थेट बिलिंगच्या कॉम्प्युटरला घ्यायचंय. केबल लावली तर टर्मिनलवर अक्षरं येतात पण सगळी चित्रविचित्र. मोजक्या तीनच तारा आहेत. पिन चुकल्यात का?

पॅनेलकाका
नाही, तुमच्या पिना बरोबर आहेत. काहीच येत नसेल तर पिनांचा संशय घ्यायचा, कचरा येत असेल तर तार पोचलीय, भाषा जुळत नाही. आधी बॉडरेट, काट्यांमध्ये ९६०० खेरीज २४०० आणि १२०० पण खूप सापडतात. मग डेटा बिट आणि पॅरिटी. ते सगळं करूनही कचराच असेल तर मीटर लावा, इंडिकेटरच्या टीएक्सला ग्राउंडच्या सापेक्ष काय दिसतंय. मायनस असेल तर आरएस-२३२. प्लस ५ किंवा प्लस ३.३ वर बसलेलं असेल तर ती टीटीएल लेव्हल आहे, स्वस्त इंडिकेटरमध्ये असं करतात. टीटीएलमध्ये एक म्हणजे वर आणि शून्य म्हणजे खाली, २३२ मध्ये बरोब्बर उलटं, एक म्हणजे मायनस ३ ते मायनस १५ आणि शून्य म्हणजे प्लस ३ ते प्लस १५. म्हणून सगळी अक्षरं उलटसुलट येतात. काटा सतत वजन पाठवत असेल तर मीटर हलत राहील, पण मायनसकडे जातोय का नाही तेवढं कळतं. टीटीएल निघालं तर मध्ये लेव्हल बदलणारी मॅक्स-२३२ ची छोटी पट्टी टाका, ३.३ व्होल्टचं असेल तर मॅक्स-३२३२, बुधवारात कुठेही मिळते. टीटीएलच्या पिनवर पीसीचा टीएक्स सरळ जोडू नका, तो मायनसमध्ये जातो आणि आतली चिप त्यासाठी बनलेली नसते. तुम्हाला वजन फक्त घ्यायचंय ना, मग दोनच तारा लावा, त्यांचा टीएक्स आणि ग्राउंड.

काटेवाला_मार्केटयार्ड
२४०० केल्यावर वजन दिसायला लागलं!! ७ बिट इव्हन. काका तुमचे आभार कसे मानू. कधी यार्डात आलात तर गाळ्यावर या.

लेथवाला_भोसरी
मोजून आलो. मशीनला २ वर मायनस ९ च्या आसपास, ३ वर काहीच नाही. कन्व्हर्टरला ३ वर मायनस ६, २ वर काही नाही. म्हणजे काका म्हणाले तसंच, या केबलमध्ये दोन्ही टीएक्स एकमेकांवर. आता नवीन बनवतो, पूर्ण जोडणी लिहून द्याल का, जंपरसकट.

पॅनेलकाका
लिहून घ्या. ९ फिमेलचा २ ते २५ मेलचा २. ३ ते ३. ५ ते ७. लांब जाणाऱ्या तारा या तीनच. मग जंपर, म्हणजे त्याच कनेक्टरच्या पिना एकमेकींना जोडणाऱ्या छोट्या तारा, हूडच्या (कनेक्टरच्या कव्हरच्या) आतच मारायचे. ९ च्या बाजूला ७ आणि ८ एकत्र, १-४-६ एकत्र. २५ च्या बाजूला ४ आणि ५ एकत्र, ६-८-२० एकत्र. यात मशीनचाच २० त्याच्या ६ ला "मी रेडी" असं सांगतो, म्हणून ८६ जातो. ७ ला सिग्नल ग्राउंडच जोडा, १ ला नाही, १ फक्त शिल्डसाठी आणि शिल्ड मशीनच्या एकाच टोकाला. केबल शिल्डवाली घ्या आणि स्पिंडल ड्राइव्हच्या तारांबरोबर एका ट्रेमधून नेऊ नका. लांबी १५ मीटरच्या आत ठेवा. जुन्या नियमात १५ मीटरच होतं, नंतर त्यांनी केबलची कपॅसिटन्स २५०० पिकोफॅरड अशी मर्यादा घातली, म्हणजे चांगली केबल असेल तर जास्त जाते, पण शॉपफ्लोअरवर ओढून ताणून कशाला.

लावताना मशीन आणि लॅपटॉप दोन्ही बंद. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर काढून. जुन्या शेडमध्ये अर्थिंग कसं असतं ते आपण सगळे जाणतो, लॅपटॉपच्या चार्जरचं आणि मशीनचं अर्थ वेगळ्या पोटेन्शियलला असलं की तो फरक तुमच्या ५ ते ७ च्या बारीक तारेतून वाहतो आणि पोर्टमधली चिप जाते. हे सगळ्यात जास्त बघितलंय मी, चुकीच्या पिनांपेक्षाही जास्त.

डिप्लोमा_थर्ड_इयर
काका, जंपर मारून रेडी सिग्नल आपला आपल्यालाच दिला तर मग समोरचं खरंच रेडी आहे का ते कसं कळणार?

पॅनेलकाका
नेमका प्रश्न विचारलास. नाही कळणार. म्हणून मग सॉफ्टवेअरने थांबवायचं. मशीनचा बफर भरत आला की ते डीसी-३ नावाचं कॅरेक्टर पाठवतं, जागा झाली की डीसी-१. पीसीवर त्याला एक्सऑन-एक्सऑफ म्हणतात, ते चालू असलंच पाहिजे.

लेथवाला_भोसरी
बनवली! ८६ गेला. पण आता ८५ येतोय, कम्युनिकेशन एरर.

चाकण_ऑटोमेशन
म्हणजे तारा झाल्या, आता सेटिंग. ८५ म्हणजे पॅरिटी, फ्रेमिंग किंवा ओव्हररनची चूक, अक्षरं नीट वाचता येत नाहीयेत. मशीनवर पॅरामीटर २० मध्ये चॅनेल बघा, ० असेल तर १०१ आणि १०३ त्या चॅनेलचे. १०३ मध्ये १० म्हणजे ४८००, ११ म्हणजे ९६००, १२ म्हणजे १९२००. पीसीवर तेच बॉड, डेटा ७, पॅरिटी इव्हन, स्टॉप २, एक्सऑन-एक्सऑफ. फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी टक्क्याचं चिन्ह हवं.

लेथवाला_भोसरी
गेला प्रोग्राम!!! १०३ ला १० होतं आणि मी लॅपटॉपला ९६०० ठेवलं होतं. ४८०० केलं आणि पूर्ण प्रोग्राम आत. वडिलांनी स्वतः एकेक ओळ ड्रॉइंगशी ताडून बघितली, एक अक्षर इकडेतिकडे नाही. सगळ्यांचे मनापासून आभार. आता ४८०० वरून वाढवू का, मोठे प्रोग्राम हळू जातात.

चाकण_ऑटोमेशन
९६०० करा, दोन्हीकडे. अजून वर गेलात आणि ८७ बफर ओव्हरफ्लो आला तर समजा की मशीन थांब म्हणतंय पण कन्व्हर्टर वेळेत ऐकत नाहीये. एफटीडीआय कंपनीच्या कन्व्हर्टर चिपमध्ये एक्सऑन-एक्सऑफ चिपच सांभाळते, बऱ्याच स्वस्त कन्व्हर्टरमध्ये ते ड्रायव्हरवर सोडलेलं असतं, आणि तोपर्यंत यूएसबीच्या बफरमधली अक्षरं निघून गेलेली असतात. तसं झालं तर जंपर काढून खऱ्या तारा टाका, ९ चा ७ ते २५ चा ५, आणि ९ चा ८ ते २५ चा ४, पीसीवर हार्डवेअर फ्लो कंट्रोल.

पॅनेलकाका
वेग नंतर. केबल चाललीय ना, मग आज संध्याकाळी मशीन बंद करायच्या आत पहिलं काम हे करा, पॅरामीटर (मशीनची सगळी सेटिंग) बाहेर लॅपटॉपवर काढा. तुमचं मशीन जुनं आहे, हे सगळं आत एसरॅम मेमरीत एका लिथियम बॅटरीवर टिकून आहे. बॅटरी संपली आणि स्क्रीनवर बॅट ब्लिंक होत असलेलं कुणी बघितलं नाही तर एका सकाळी कंट्रोलर रिकामा मिळतो आणि आधीच्या मालकाने काय सेट केलं होतं ते कुणालाच सांगता येत नाही. एडिट मोड, पॅरामीटरचं पान, ऑपरेशनची सॉफ्टकी, पंच (म्हणजे बाहेर पाठव), ऑल, एक्झिक्यूट. पीसीवर आधी रिसीव्ह चालू करून ठेवा, मग मशीनवर पंच. सगळे प्रोग्राम आणि ऑफसेटही तसेच घ्या. फाइल उघडून बघा, सुरुवातीला आणि शेवटी टक्का आहे का, मधेच तुटलेली नाही ना. आणि बॅटरी बदलताना मशीन चालू ठेवूनच बदला.

लेथवाला_भोसरी
आत्ताच करतो काका. पंच लावलंय, अक्षरं यायला लागलीत.